किती टक्के सूट?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या जुलैत आम्ही दोघं मॉरिशसला जाऊन आलो. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलांनी परस्पर तिकिटं काढली आणि हातात ठेवली. मुंबईहून विमानानं साधारण सहा तास. विमानतळ बेटाच्या आग्नेयेला आणि आमचं रिसॉर्ट पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक आं फ्लाकला. म्हणजे मोटारीनं आणखी तासभर. वाटेत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, तोही तुरे आलेला. हे म्हणाले, "अगं, कराडला तर नाही ना उतरलो?"

काउंटरवरचा मुलगा फार अदबीनं म्हणाला, तुमची खोली तयार नाही, पण समुद्रासमोरचा सूट देतो. मी तीनदा विचारलं, वर पैसे किती? काही नाही. यामागचं गणित मला नंतर एका जाणत्या माणसाकडून कळलं. स्वस्त खोल्या असतात त्याहून जरा जास्तच विकल्या जातात, कारण कुणी ना कुणी यायचं रद्द करतंच. सगळेच आले, की काहींना वरच्या दर्जात सरकवायचं. तिथले सूट नाहीतरी रिकामेच असतात. म्हणजे आमच्या नशिबापेक्षा त्यांची अडचण मोठी होती.

ह्यांनी लगेच धाकट्या भावाला फोन लावला. "अरे, आम्हाला सूट मिळाला!" पलीकडून भाऊजींनी विचारलं, "किती टक्के?"

सूट कसा होता, तर आमच्या चिपळूणच्या घराची पडवी, माजघर आणि स्वयंपाकघर मिळून जेवढी जागा होईल तेवढा. न्हाणीघरात शेजारी शेजारी दोन बेसिनं. तीस वर्षं सकाळी एका बेसिनवर धक्काबुक्की केलेल्या माणसांनी दोन बेसिनांचं करायचं काय? मी माझ्याकडचं वापरलं, आणि सवयीनं हेही माझ्याच मागे येऊन उभे राहिले. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, भोवती बोगनवेलीची फुलं, आणि शुभेच्छा मधुचंद्राच्या! कुणा नवपरिणित जोडप्याची तयारी आमच्या वाट्याला आली असावी. ह्यांनी हंस उचलून हळूच कपाटात ठेवले. मोडायला जीव होईना.

आमच्या पॅकेजमध्ये सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. खोली वाढली तरी जेवण वाढलं नव्हतं. खोलीतल्या फ्रिजला हात लावायचा नाही, नुसती बाटली हलली तरी बिल लागतं, असं भाऊजींनी बजावलेलं. त्यामुळे दुपारी त्या संगमरवरी टेबलावर आम्ही घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. समोर दक्षिणेला ल मोर्नचा डोंगर. मळ्यांवरून पळालेले गुलाम तिथं लपून राहायचे. 2008 साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. ह्यांनी ही सगळी माहिती मोबाइलवर वाचून दाखवली, सोफ्यावर पाय पसरून.

आणि इथंच गोची झाली. एवढी महागाची जागा फुकटात मिळालीय, ती सोडून बाहेर जायचं कसं? पहिला दिवस संपला, दुसऱ्या दिवशीचे चार वाजले, आणि लक्षात आलं की आमचा पाय अजून पाण्याला लागलेला नाही. जुलै म्हणजे तिकडे हिवाळा. सूर्य पावणेसहाच्या सुमाराला बुडतो. मग धावत खाली गेलो.

आमचा गुहागरचा समुद्र गडगडत अंगावर येतो. हा अगदी गप्प. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, लाटा लांब तिथंच फुटतात. क्षितिजाजवळ पांढरी रेघ दिसते आणि बारीक घोंघों ऐकू येते. आत नुसतं तळ्यासारखं पाणी. पोवळ्यांचे तुकडे टोचतात म्हणून सगळे पायात रबरी बूट घालून उतरतात. आम्ही अनवाणी उतरलो आणि भोगलं.

खोली आवरायला येणाऱ्या बाईंनी तिसऱ्या दिवशी माझ्या मंगळसूत्राकडे पाहून विचारलं, "मराठी?" त्याही मराठीच. मराठी बोलणं फारसं उरलेलं नव्हतं, घरात क्रिओल ही तिथली बोली. पण गणपतीची आरती त्यांनी उशांचे अभ्रे बदलता बदलता अख्खी म्हणून दाखवली, एक शब्द न चुकता. 1834 पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर नेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातलेही होते. बाईंचे पूर्वज त्यांतलेच. गाव कुठलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. गणेश चतुर्थीला तिथं सगळ्या देशाला सुट्टी असते, हे मात्र त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आणि मुंबईतही असेलच, असं धरून चालल्या.

मी म्हटलं, तुमची चैन आहे, रोज हा समुद्र. त्या हसल्या. म्हणाल्या, कामावर असताना समुद्र कोण बघतो. आमचा समुद्र रविवारचा. समुद्रकाठ तिथं सगळ्यांना खुला असतो. घरंच्या घरं पातेली घेऊन येतात आणि सुरूच्या झाडांखाली बसतात.

रविवारी आम्हीही गेलो. तेच सुरू, गुहागरसारखे. कुणी डबा वाजवत सेगा, म्हणजे तिथली लोकगीतं, गात होतं. गाडीवर ढोलपुरी होती. वाटलेल्या चणाडाळीचं सारण घातलेली मऊ, पिवळी पोळी, वर उसळ आणि चटणी. पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच म्हणा. एक मिळत नाही, जोडीच घ्यावी लागते.

चटईवर बसल्यावर हे दोनदा म्हणाले, तिकडे सूट रिकामा पडलाय. खोलीचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं हेच उठले, चप्पल घातली आणि विचारलं, "अजून एक जोडी आणू?"