वाळू किती वेळात परत येते?

(दृश्य: पहाटेची शिरोली एमआयडीसी. हायवेवरून ट्रक जाताहेत. एका शेडमध्ये भट्टीचा लालसर उजेड.)

कोल्हापुरात फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना, म्हटलं की शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले ही नावं लगेच येतात. या कामाची मुळं मात्र शहरातल्या शिवाजी उद्यमनगरात आहेत. शेतावरच्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती, मग त्यांचे सुटे भाग आणि पुढे अख्खं इंजिन, अशी इथली वाट. आज इथलं कास्टिंग (ओतून घडवलेला भाग) ट्रॅक्टरमध्ये जातं, ट्रकमध्ये जातं, पंपात जातं. ऑर्डर वाढली की शेडमध्ये एकच विषय निघतो : नवी मोल्डिंग लाइन, म्हणजे वाळूचे साचे (मोल्ड) बनवणारी यंत्रांची रांग, घ्यायची का?

जरूर घ्यावी. पण कोटेशन मागवण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन तासाभराचा हिशेब करावा.

(दृश्य: टेबलावर वही, शेजारी कॅल्क्युलेटर.)

समजा, लाइन तासाला 80 मोल्ड देणारी आहे. एका मोल्डमध्ये 40 किलो मेटल ओतायचं आणि मोल्डला साधारण 200 किलो वाळू लागते. म्हणजे तासाला 3.2 टन मेटल आणि 16 टन वाळू हवी. आता शेडमध्ये काय आहे ते बघू. 750 किलोवॅटची इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी) टनाला 600 युनिट घेत असेल तर तासाला सव्वा टन मेटल देईल, म्हणजे 31 मोल्डपुरतं. वाळू मळणारा मिक्सर 250 किलोचा, एका बॅचला चार मिनिटं. तासाला पंधरा बॅच, पावणेचार टन वाळू. म्हणजे जेमतेम 18 मोल्ड.

80 ची लाइन 18 वर चालणार, आणि बँकेचा हप्ता मात्र 80 चाच जाणार.

इथे हमखास एक चूक होते. लाइन थांबू नये म्हणून मिक्सिंगची वेळ चार मिनिटांवरून दोनवर आणली जाते. बॅचेस वाढतात, पण बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) वाळूच्या कणांवर नीट चढत नाही. मग ताकद कमी पडते म्हणून बेंटोनाइटच्या जादा गोण्या ओतल्या जातात. न मळलेल्या बेंटोनाइटला पाणी जास्त लागतं, आणि जास्त पाणी म्हणजे मेटल पडताच जास्त वाफ. फेटलिंगला (घासून साफ करायला) गेलेल्या जॉबवर कुठे ब्लो होल (वायूने पडलेली भोकं) दिसतात, कुठे वाळू पडलेली दिसते. दोष नव्या मशीनच्या नावावर लिहिला जातो आणि कारण मिक्सरमध्ये राहून जातं.

(दृश्य: मोल्ड फोडून कास्टिंग काढायची जागा, म्हणजे शेकआऊट. तिथून बेल्टवर पडणारी वाळू. तिच्यातून वाफ निघते आहे.)

दुसरी अडचण हिशेबात चटकन दिसत नाही, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. शेडमध्ये एकूण 30 टन वाळू फिरते आहे. जुन्या वेगाने, तासाला पावणेचार टन, तीच वाळू परत मोल्डिंगला यायला आठ तास लागत होते. वाटेत ती आपोआप निवत होती, कुणाला त्याचा विचारही करावा लागत नव्हता. मोठा मिक्सर घेऊन तासाला 16 टन वापर झाला की तीच वाळू दोन तासांच्या आत परत येते, गरमच. 50 अंशांच्या वर गेलेली वाळू मोल्डरला छळते. मिक्सरमधून निघाल्यावर हॉपरपर्यंत पोचेतो तिचं पाणी उडतं. पॅटर्न (ज्यावर वाळू दाबून मोल्डला आकार देतात तो नमुना) थंड असला तर वाफ त्यावर धरते आणि वाळू पॅटर्नला चिकटते. सकाळी चांगला निघणारा मोल्ड दुपारी फाटायला लागतो, आणि सकाळ-दुपारमध्ये मशीनची एकही सेटिंग बदललेली नसते.

उपाय दोन आहेत. एक, वाळू साठवायचा सायलो मोठा करून फिरती वाळू वाढवणं. दुसरा, सँड कूलर. कूलरमध्ये वाळूवर पाणी मारून हवा सोडतात. वाळूच्या वजनाच्या एक टक्का पाणी उडालं की तापमान साधारण 25 अंशांनी उतरतं. म्हणून 80 अंशांची वाळू 40 वर आणायची तर दीड टक्क्याच्या वर पाणी उडवावं लागेल, आणि मोल्डिंगला लागणारं पाणी पुन्हा वेगळं. कूलर आणि मिक्सर लाइनच्याच अंदाजपत्रकात धरायला हवेत. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून मागे ठेवलेला कूलर ते अख्खं वर्ष रिजेक्शनमधून पैसे घेत राहतो.

(दृश्य: जवळून. अनुभवी मोल्डर मूठभर वाळू दाबतो, मूठ उघडतो. वाळूवर बोटांचे ठसे स्पष्ट. ती दाबलेली वाळू तो मधोमध मोडतो, कडा धारदार.)

ही पारख वर्षानुवर्षांची आहे, आणि खरी आहे. तिला जोड हवी ती आकड्याची. चाळलेली वाळू नळीत सैल भरायची, वरची सपाट करायची, तीन ठोके द्यायचे. ती किती टक्के खाली बसली, तो झाला कॉम्पॅक्टिबिलिटीचा आकडा. हादरे देऊन वाळू दाबणाऱ्या जुन्या जोल्ट-स्क्वीझ मशीनला तो साधारण 42 ते 48 चालतो, जास्त दाबाच्या नव्या हाय प्रेशर लाइनला 38 ते 42. जुन्या मशीनवर ज्याचा हात बसला आहे, त्याच्या मुठीला नव्या लाइनची वाळू कोरडी वाटते आणि तो पाणी वाढवायला सांगतो. त्यात त्याची चूक नाही. त्याच्यासमोर चाचणी करून, दोन्ही वाळू त्याच्या हातात देऊन फरक दाखवला की आठवडाभरात मूठही नव्या आकड्यावर बसते. हे काम सुपरवायझरने करायचं आहे, नोटीस बोर्डाने होत नाही.

पावसाळ्यात हे आकडे आणखी हलतात. उघड्यावरची नवी वाळू ओली येते, बेंटोनाइटच्या गोण्या ओल धरतात. चाचणी दर तासाला हवीच.

भट्टीकडे वळू. इथे बऱ्याचदा नवं यंत्र न घेताही मेटल वाढतं. रनर-रायझरला (मोल्डमधली मेटलची वाट आणि जादा मेटलचा साठा, जे तोडून परत वितळवतात) चिकटलेली वाळू तशीच भट्टीत गेली की तिचा स्लॅग (मळी) होतो, आणि तो वितळवायलाही वीज लागतेच. म्हणून हे परत येणारं मेटल शॉट ब्लास्ट (छर्‍यांचा मारा करून साफ) करून घ्यावं. चार्ज टाकून झाला की झाकण लावावं. आणि स्पेक्ट्रोमीटरच्या (मेटलमधले घटक तपासणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टची वाट बघत भट्टी पाच मिनिटं थांबली तर सव्वा टनाच्या हिशेबाने शंभर किलो मेटल बुडालं, दर हीटला, म्हणजे दर वितळणीला. सॅम्पल लॅबपर्यंत कोण नेतं, किती वेळात नेतं, हे घड्याळ लावून बघण्यासारखं आहे.

सिम्युलेशन सॉफ्टवेअरही उपयोगाचं आहे, फक्त कशासाठी ते कळलं पाहिजे. श्रिंकेज (मेटल आकसून पडणारी पोकळी) कुठे येईल, रायझर कुठे हवा, हे ते छान दाखवतं. ओल्या वाळूचे ब्लो होल त्याला सापडणार नाहीत. आधी महिनाभराचं रिजेक्शन दोषवार वेगळं करा, मग ठरवा.

(दृश्य: बंद शेडमध्ये चाचणीसाठी उभी लाइन.)

लाइनची ट्रायल विक्रेत्याकडे घेताना आपलाच पॅटर्न, आपलीच वाळू न्यावी. करारात लिहून घ्यावं : सलग आठ तास, तासाला इतके मोल्ड, मिसमॅच (मोल्डच्या दोन भागांतला सरकलेपणा) अमुक मिलिमीटरच्या आत. जुने पॅटर्न नव्या प्लेटवर बसवायचा खर्च विचारावा, तो बहुतेकदा शेवटी समोर येतो. दाबाच्या हवेच्या पाइपला ड्रायर हवाच. पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं की सिलिंडर अडकतात. आणि रात्रपाळीत पीएलसी (लाइन चालवणारा कंट्रोलर) बंद पडला तर कोण, किती तासांत येणार, ते नावानिशी ठरलेलं असावं.

जुनी जोल्ट-स्क्वीझ मशीन तीन महिने विकू नये. रोजचे जॉब आधी एक-एक करून नव्या लाइनवर न्यावेत, सोपे आधी, कोअरवाले (आतल्या पोकळीसाठी वेगळा गाभा लागणारे) नंतर.

(दृश्य: शिफ्ट बदलते आहे. नळीत वाळू, तीन ठोके. मोल्डर फळ्यावर खडूने लिहितो : 7.00 वाजता, 41. त्याखाली वाळूचं तापमान : 38.)