एफआयडीला जे दिसत नाही, ते प्लाझ्माला कसं दिसतं?

नमस्कार मंडळी! वाळूज-शेंद्र्याच्या औषध कंपन्यांत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) लागायची तयारी करणाऱ्या एम.एस्सी.च्या पोरापोरींनो, आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी. जीसी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हटलं की आपल्याला त्यातला पदार्थ टिपणारा एफआयडी (फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर) पाठ असतो. पण कुणी विचारलं, फॉर्मिक ॲसिडचा पीक (आलेखातला उंचवटा) त्याच्यावर का येत नाही, तर?

एफआयडीत हायड्रोजनची ज्योत असते. रेणू जळताना कार्बन-हायड्रोजनच्या तुकड्यांपासून आयन होतात, त्यांचा प्रवाह म्हणजे सिग्नल. फॉर्मिक ॲसिड आणि फॉर्माल्डिहाइड, दोघांतला एकुलता एक कार्बन आधीच ऑक्सिजनने धरलेला. मग आयन जवळजवळ होतच नाहीत. आणि गोळ्यांत घालतात त्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारख्या पदार्थांत नेमके हेच दोघं अंशमात्र सापडतात, औषधाशी अभिक्रियाही करतात. म्हणून ते दिसायलाच हवेत.

आता दुसरा डिटेक्टर, बीआयडी (बॅरियर डिस्चार्ज आयोनायझेशन डिटेक्टर) बघा. इथं ज्योत नाही. क्वार्ट्झच्या नळीतून हेलियम वाहतो, बाहेरून हाय व्होल्टेज दिलं की आत प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, पेटतो. त्यातून साधारण 17.7 इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत ऊर्जेचा प्रकाश निघतो. फॉर्मिक ॲसिडमधला इलेक्ट्रॉन उपटायला 11.3 पुरतात, मिथेनला 12.6, नायट्रोजनला 15.6. सगळे आवाक्यात! निऑनला मात्र 21.6 लागतात, म्हणून तो निसटतो. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की नमुना प्लाझ्मात जातच नाही. तो खाली थांबतो, त्याच्यावर पडतो तो फक्त प्रकाश.

पण पोरांनो, पीक दिसला म्हणजे पदार्थ ओळखला असं नाही. बीआयडी फक्त सांगतो, ‘काहीतरी आलं.’ कोण आलं, ते रिटेन्शन टाइमवरून (पदार्थ बाहेर यायला लागणाऱ्या वेळेवरून), स्टँडर्ड म्हणजे माहीत असलेला पदार्थ लावूनच ठरवायचं.

ओळखीच्या जवळ नेणारा प्लाझ्मा वेगळा: एईडी, म्हणजे ॲटॉमिक एमिशन डिटेक्टर. यात नमुना थेट मायक्रोवेव्हवर पेटवलेल्या हेलियम प्लाझ्मात शिरतो, रेणूचे अणू सुटे होतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतं. कार्बन 193 नॅनोमीटरवर, क्लोरीन 479 वर. एकाच वेळेला दोन्हीकडे पीक आला, तर त्या पदार्थात क्लोरीन असल्याचा तो भक्कम पुरावा. या कल्पनेवरचं काम 1965 पासूनचं आहे.

आणि बीआयडीवर बसलात तर आधी गळती तपासा. नायट्रोजन, ऑक्सिजन, पाणी, त्याला सगळंच दिसतं. एखादी फिटिंग सैल राहिली की बेसलाइन (आलेखाची पायाची रेषा) वर चढते आणि तुमचा बारीक पीक तिच्यात बुडून जातो.