सक्ती पटावर चालते

श्रोतेहो, नमस्कार.

बडोदे संस्थानात महाराज सयाजीरावांनी मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, हे आपल्या बडोदे शहरात शाळकरी पोरही सांगेल. मात्र कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी गावातली मुलं पाटी घेऊन ओळीत येऊन बसत नाहीत. ती शोधायची कुणी, मोजायची कशी, नाही आली तर पुढं काय, ही सगळी बाजू दप्तराची, म्हणजे सरकारी नोंदींची आहे, आणि मला वाटतं खरा कस तिथंच लागला.

प्रयोगासाठी महाराजांनी राजधानी निवडली नाही. 1893 मध्ये काठेवाडातला अमरेली तालुका घेतला. आधी अमरेली आणि भोवतालची नऊ गावं, मग टप्प्याटप्प्यानं सगळा तालुका. सबंध संस्थानाला कायदा लागू झाला तो 1906 मध्ये. मधली तेरा वर्षं रिकामी गेली नाहीत. पण त्याच काळात छप्पनचा, म्हणजे संवत 1956 चा (इ.स. 1899-1900) दुष्काळ पडला. 1891 च्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, संस्थानाची लोकसंख्या 24 लाखांवर होती, ती 1901 मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. एवढा तडाखा बसूनही पाच वर्षांत हे राज्य शिक्षणाची सक्ती करतं, याचं मोल फार मोठं आहे.

1906 चा कायदा मुलांसाठी 7 ते 12 आणि मुलींसाठी 7 ते 10 वर्षं असं वय धरत होता. इथंच पहिली अडचण उभी राहते: मुलाचं वय किती? खेड्यात जन्माची नोंद धड नसायची. आईला विचारावं तर ती सांगणार, अमक्या दुष्काळाच्या आधीचा, तमक्या लग्नाच्या वर्षीचा. मग मास्तर अंदाज करत. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान हाताला लागतो का, ही परीक्षा आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत कितीतरी वर्षं चालली. शाळा जूनमध्ये उघडणार, म्हणून जन्मतारीख 1 जून लिहायची, हीही त्याच गरजेतून पडलेली वहिवाट. आजोबांचा दाखला काढून बघा, बहुतेक तीच तारीख सापडेल. ज्या कायद्यात वयावरून दंड होतो, तिथं एका वर्षाची चूक म्हणजे एका घरावर नाहक भुर्दंड, नाहीतर एका मुलाची सुटका.

दुसरी गोष्ट हजेरीची. पटावर नाव असणं आणि वर्गात मूल असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समजा, पटावर 40 मुलं आहेत आणि महिन्यात शाळा 24 दिवस भरली. रोजची हजर मुलं मोजून महिनाअखेर बेरीज 600 आली, तर 600 भागिले 24, सरासरी 25. म्हणजे 40 पैकी 15 मुलांची जागा रोज रिकामी. अहवालात कुणी 40 लिहिलं, कुणी 25 लिहिलं, दोन्ही आकडे खरेच. म्हणून जुने अहवाल वाचताना पटसंख्येवर थांबू नका, सरासरी हजेरी शोधा. तपासणीला साहेब येणार ही वर्दी आधीच पोचायची, आणि त्या दिवशीचा वर्ग भरलेला दिसायचा. सरासरीचा आकडा एका दिवसाच्या गर्दीनं फारसा हलत नाही, हा त्याचा गुण.

सरासरी घसरते तीही ठरावीक महिन्यांत. पेरणी, खुरपणी, कापसाची वेचणी. नऊ वर्षांचं मूल शेतात मोठ्या माणसाएवढं नाही, तरी पुष्कळ काम करतं. गुरं राखतं, धाकट्याला सांभाळतं. त्याला दिवसभर शाळेत बसवलं की घरातली मजुरी बुडते, आणि नाही पाठवलं तर दंड. हा दंड ज्यांना सर्वांत कमी परवडतो त्यांच्याच माथी बसतो, हे सक्तीच्या शिक्षणाचं सगळ्यांत दुखरं ठिकाण. फी माफ केली म्हणजे शिक्षण फुकट झालं, असं गरिबाच्या घरी कधीच नसतं. शाळेची वेळ आणि सुट्टी शेतीच्या हंगामाशी जुळवून घेणं हा दंडापेक्षा खात्रीचा उपाय होता.

यादी करायची मास्तरांनी आणि अंमल करायचा गावच्या पाटलांनी आणि तालुक्याचे अधिकारी असलेल्या वहिवाटदारांनी, यातही पेच होता. पाटील गावचाच, भाऊबंदांवर तो बोट कशाला ठेवील? मास्तर बाहेरगावचा, एकटा, बहुधा एकाच खोलीत तीन-चार इयत्ता सांभाळणारा. एका वर्गाला शुद्धलेखन घालायचं, दुसऱ्याकडून पाढे म्हणून घ्यायचे, धाकट्यांना मोठ्या पोराच्या हवाली करायचं. त्यातून वेळ काढून गैरहजेरीची यादी लिहायची, आणि ज्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचं त्यांचीच नावं वर पाठवायची.

मुलींसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात, आणि शिक्षिका तयार व्हायला आधी मुली शिकायला हव्यात. शिवाय लग्नं लवकर होत. 1904 मध्ये संस्थानानं बालविवाह प्रतिबंधक कायदा केला होता. दोन वर्षांत आलेले हे दोन कायदे एकत्रच वाचावे लागतात. अंत्यजांसाठीच्या, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींसाठीच्या शाळांचं दुखणं आणखी खोल. शाळा उघडली तरी सवर्ण मास्तर तिथं शिकवायला तयार होईनात, तेव्हा मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. पुढं याच संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन 1913 मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले.

आता शेजारच्या ब्रिटिश मुलखाकडे बघू. खेडा, भरूच, सुरत हे जिल्हे आपल्या संस्थानात अगदी गुंतलेले. तिथं शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड नावाचा जादा कर घेत आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांना मिळे. कर शेतकऱ्याकडून वसूल होई, सक्ती मात्र नाही. 1882 मध्ये सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं, आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. 1912 च्या मार्चमध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळलं गेलं. मुंबई इलाख्यात 1918 ला नगरपालिकांपुरता कायदा झाला, खेड्यांपर्यंत तो यायला 1923 उजाडलं.

बडोद्यानं आणखी एक दुखणं ओळखलं. तीन-चार इयत्ता शिकून मूल शेतात गेलं, पुढं हाताला पुस्तक लागलंच नाही, तर शिकलेलं विसरायला किती वेळ लागतो? 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालय खातं उभारलं ते यासाठी. लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं गावोगाव जाऊ लागली. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आपण रोज ओलांडतो, त्याचं नातं अमरेलीच्या शाळांशी आहे.

एक विनंती करतो. आपल्या गावात, मुलुखात जुनी शाळा असेल तर तिचं जनरल रजिस्टर कपाटात आहे का, चौकशी करा. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख आणि शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना त्यात असतो. तो रकाना वाचताना आधी महिना बघा. कारण कोरं असलं तरी सोडल्याचा महिना पेरणीचा आहे की वेचणीचा, ते कळतं. कागद तुटायला आलेला असतो, म्हणून पान उलटताना कडेला न धरता खालून तळहाताचा आधार द्या. फोटो काढायचा तर मुख्याध्यापकांना विचारून काढा, आणि इमारत पाडायची ठरली असेल तर सामान हलवण्याआधी ही रजिस्टरं बाजूला काढून घ्यायला सांगा.

नमस्कार.