थेंब केवढा असतो?

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांना गोड्या पाण्याबद्दल काही शिकवावं म्हणून आपण मोबाईल हातात घेतो आणि समोर ढीग येऊन पडतो. हसरे थेंब, डोळे मिचकावणारे ढग, ‘नळ बंद करा’ची गाणी. पोरं दोन मिनिटं बघतात आणि पुढं सरकवतात. मला त्यांचा राग येत नाही. मीही तेच करतो.

मग कामाचं काय, ते ओळखायचं कसं? एक साधं गणित घेऊ. नळ सेकंदाला एक थेंब गळतोय. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे थेंबही तेवढेच. एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर पाणी जातं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या, म्हणजे यूएसजीएसच्या संकेतस्थळावर गळतीचा असाच हिशेब करून मिळतो. तिथं थेंब पाव मिलिलिटरचा धरलाय. त्या मापानं उत्तर येतं साडेएकवीस लिटर! कुठं चार आणि कुठं एकवीस. यातलं खोटं कोण? कुणीच नाही. प्रत्येकानं आपापला थेंब ठरवून घेतलाय, एवढंच.

मोठी माणसं अशा वेळी वैतागतात. पण शिकवणाऱ्याला याहून चांगली संधी मिळणार नाही. औषधाचं मापाचं झाकण घ्या, नळाखाली धरा आणि मुलाला शंभर थेंब मोजायला लावा. झाकणात पाच मिलिलिटर जमलं तर पहिला हिशेब खरा, पंचवीस जमलं तर दुसरा. मधलंच काही आलं, तर तुमच्या नळाचा हिशेब तिसराच.

याच यूएसजीएसचा ‘वॉटर सायन्स स्कूल’ हा विभाग मुलांसाठी मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. जलचक्राचं त्यांचं जुनं चित्र तुम्ही कुठं ना कुठं पाहिलं असेल: समुद्र, वाफ, ढग, डोंगर, नदी. त्यात माणूस नव्हता. २०२२ मध्ये त्यांनी नवं चित्र काढलं. त्यात शेतं आहेत, शहरं आहेत, कारखाने आहेत, आणि त्यांनी उपसलेलं पाणीही आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि मुलांना फरक शोधू द्या. चित्राला इंग्रजी फारसं लागत नाही. लागलंच, तर आधी आपण वाचावं आणि मग आपल्या शब्दांत सांगावं. नुसता व्हिडिओ लावून उठून जाऊ नये, ही माझी हट्टाची गोष्ट.

तिथलीच एक आकडेवारी बाटलीत उतरवता येते. पृथ्वीवरचं सगळं पाणी एका लिटरच्या बाटलीत आहे असं समजा. त्यातलं गोडं पाणी साधारण २५ मिलिलिटर. त्यातलं सतराएक मिलिलिटर हिमनद्या आणि बर्फाच्या थरांत गोठलेलं, साडेसात जमिनीखाली. उरले सहा थेंब, आपल्या पहिल्या, ०.०५ मिलिलिटरच्या मापाचे. त्यातले चार पुन्हा गोठलेल्या जमिनीतलं बर्फ. जगातली सगळी गोड्या पाण्याची सरोवरं मिळून एक थेंब. आणि नद्या? एका थेंबाचे तीस भाग केले, तर त्यातला एक. इथं ड्रॉपर हातात धरलेलं मूल हमखास विचारतं, ‘एवढाच?’

दात घासताना नळ बंद ठेवा, हे सांगायलाच हवं. पण जी साइट तेवढ्यावरच थांबते, ती मी बाजूला ठेवतो. जगभरात माणूस जेवढं गोडं पाणी उपसतो, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला लागतं. ताटातल्या अन्नामागं पाणी असतं, हे दहा वर्षांच्या मुलाला सहज कळतं. नाहीतर सगळा दोष आपल्या ब्रशाचाच, असं त्याला वाटत राहतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘ग्लोब’ हा उपक्रम आहे, १९९५ पासून चालू असलेला. वेगवेगळ्या देशांतली शाळकरी मुलं तळ्याचं, ओढ्याचं तापमान, आम्लता, गढूळपणा मोजतात आणि नोंदी एका ठिकाणी पाठवतात. गढूळपणा मोजायला जी तबकडी पाण्यात सोडतात, तिची कल्पना १८६५ सालची, अँजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाची. तबकडी दिसेनाशी झाली की दोरीची लांबी मोजायची. बस्स, एवढंच उपकरण. पाण्याकाठी मात्र मोठं माणूस बरोबर हवंच.

शोधताना नुसतं ‘पाणी वाचवा’ लिहू नका, घोषणाच हाती लागतात. मुलाचं वय लिहा, पुढं ‘कृती’ किंवा ‘प्रयोग’ जोडा. ‘प्रोजेक्ट वेट’ या पाण्याविषयी शिकवणाऱ्या उपक्रमाची वर्गात करायची कामं अशीच सापडतील.

आणि शंभर थेंब मोजताना मूल साठाच्या आसपास आकडा चुकतं, हे आधीच सांगून ठेवतो. झाकण रिकामं करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. तीनदा मोजलंत तर तिन्ही उत्तरं थोडी वेगळी येतील, त्यांची सरासरी काढा. घरात गळका नळ नसेल, तर एखादा मुद्दाम जरासा सैल करा. मोजून झालं की घट्ट.

नमस्कार.