माउली आणि मध्यस्थ

(दृश्य: भुसावळ, संध्याकाळ. रेल्वे क्वार्टरची ओळ. लांबून मालगाडीचा खडखडाट.)

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे मरियेच्या जपमाळेचा महिना. आज पाळी या घराची. चटईवर दहा-बाराजण बसलेत. स्टुलावर मरियामातेची हातभर उंचीची मूर्ती, पुढे मेणबत्ती आणि झेंडूची फुलं. घरातली आजी पुढे म्हणते, बाकीचे मागून. अंगठ्याखालून पांढरे मणी एकेक सरकतात. दहा झाले की एक सुटा मणी, पुन्हा दहा. पूर्ण माळेत मरियेची प्रार्थना 53 वेळा होते.

दारापाशी धाकटी सून उभी आहे. डोकं झाकलेलं, ओठ मिटलेले. ती सगळ्यांना चहा देईल, चटया गुंडाळेल. पण ही माळ ती म्हणणार नाही.

(दृश्य: नवापूर तालुका. कौलारू घर, भिंतीवर वचनांचं कॅलेंडर.)

तिचं माहेर इकडे, मावची आदिवासींच्या वस्तीत. इथे मूर्ती नाही, फोटो नाही. पश्चिम खानदेशात शुभवर्तमान आलं ते स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांबरोबर. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांनी नवस सोडला, बळी सोडला, भगताकडे जाणं सोडलं. काहींना त्यापायी भाऊबंद दुरावले. अशा घरातल्या मुलीला मूर्तीपुढे हात जोडायला सांगणं म्हणजे आजोबांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेलं पुन्हा घरात आणायला सांगणं. तिचा नकार हट्टाचा नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

आणि आजीचंही. ती कॅथलिक, मूळची नगर जिल्ह्यातली. रेल्वेच्या नोकरीमागे हे कुटुंब भुसावळला आलं. दर सप्टेंबरात ती मनमाडला गाडी बदलून श्रीरामपूरला उतरते आणि हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाते. ज्ञानोबांना माउली म्हणणाऱ्या भाषेनं मरियेलाही तेच नाव दिलं. आजीचं म्हणणं साधं आहे. अडचणीत आपण कुणा थोरल्याला म्हणतो, माझ्यासाठी जरा शब्द टाका. मरिया तर येशूची आई. तिनं शब्द टाकला तर येशूचा मान कमी कसा होईल? काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा तिनंच तर शब्द टाकला होता.

सून त्याच बायबलमधून उत्तर देते. प्रेषित पौल आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो, देव एकच आणि देव-माणसांमधला मध्यस्थही एकच, ख्रिस्त येशू. मग जे वारले त्यांना हाक कशाला मारायची? ती त्यांना ऐकू जाते, असं वचन कुठे आहे?

(दृश्य: दोघींची बायबलं, शेजारी शेजारी.)

हा वाद दोघींच्या कितीतरी आधीचा. 431 साली इफिससला भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेत प्रश्न होता, मरियेला 'देवमाता' म्हणावं का. कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस म्हणत होता, 'ख्रिस्तमाता' म्हणा. परिषदेनं 'देवमाता' कायम केलं. तेव्हा खरी चर्चा येशूबद्दल होती: तिच्या पोटी जन्मलेला तो देव की नाही? मूर्ती-चित्रांचं भांडण पुढे 787 साली निकेयाच्या परिषदेत आलं. आराधना फक्त देवाची, संतांना आणि त्यांच्या प्रतिमांना आदराचं वंदन, असं तिथे ठरलं. कॅथलिक आजही हीच रेघ दाखवतात.

ग्रीक-लॅटिनमध्ये त्या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत. आपल्याकडे मात्र हात जोडण्याची रीत एकच. देवाला तसेच, वडीलधाऱ्यांना तसेच. बाहेरून बघणाऱ्याला मनातली रेघ दिसणार कशी? दोन्हीकडची प्रामाणिक माणसं नेमकी इथेच एकमेकांना चुकतात, असं मला वाटतं.

'संत' या शब्दाचंही तसंच. पौल ज्यांना पत्रं लिहितो ती जिवंत माणसं, मंडळीतली साधी माणसं. मराठी बायबलात त्यांना 'पवित्र जन' म्हटलंय. म्हणून सून म्हणते, विश्वास ठेवणारा प्रत्येक जण संत. आजीसाठी संत म्हणजे अंतोनी, फ्रान्सिस झेवियर, ज्यांच्या नावानं सण होतो.

ज्याच्यापासून प्रोटेस्टंट वेगळे झाले त्या मार्टिन ल्यूथरनं मरियेचा मान सोडला नव्हता; 1521 मध्ये तिच्या स्तोत्रावर त्यानं मोठ्या जिव्हाळ्यानं लिहिलं. पण त्याच्या अनुयायांच्या 1530 च्या श्रद्धापत्रानं, ऑग्सबर्ग कबुलीनं, स्पष्ट केलं: संतांचं स्मरण करा, त्यांचा विश्वास गिरवा, मदत मात्र ख्रिस्ताकडे मागा. 1563 मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं संतांकडे मध्यस्थी मागणं चांगलं आणि उपयोगी ठरवलं. 1950 मध्ये पोप पायस बारावे यांनी मरियेचं सदेह स्वर्गात जाणं हा श्रद्धेचा सिद्धांत म्हणून जाहीर केलं. तिचा सण 15 ऑगस्टला, आपल्या झेंडावंदनाच्याच दिवशी. प्रोटेस्टंट विचारतात, शास्त्रात हे कुठे लिहिलंय? आणि 2025 च्या नोव्हेंबरात खुद्द व्हॅटिकननं सांगितलं की मरियेला 'सह-उद्धारक' म्हणणं योग्य नाही.

(दृश्य: हरेगाव. यात्रेची गर्दी, मेणबत्त्यांची दुकानं.)

गेल्या यात्रेला आजीचे गुडघे धरले होते. मुलाला सुटी नव्हती, म्हणून सून सोबत निघाली. गाडीत तिनं पिशवी सांभाळली, उतरताना हात दिला. दर्शनाच्या रांगेशी आल्यावर ती थांबली. आजीनंही आत चल म्हटलं नाही. पायातल्या चपला काढून तिच्याजवळ दिल्या आणि मेणबत्ती घेऊन गर्दीत शिरली. रांग लांबत गेली. सून लिंबाखाली सासूच्या चपला राखत बसून होती.