साडेसहाची घंटा

संध्याकाळचे सहा वाजलेत. मुंबईतल्या या पालिका शाळेतली पोरं केव्हाच घरी गेली. आता फाटकातून आत येणारे बघा. एकाच्या पाठीवर डिलिव्हरीची पेटी, दुसऱ्याच्या नखांत ग्रीस. या ताई दोन घरचा स्वयंपाक उरकून थेट इकडे आल्यात. साडेसहाला घंटा होईल आणि रात्रशाळा भरेल.

फळ्याचा वरचा कोपरा पहिलीच्या बाईंनी चौकटीत घेतलाय. आत बाराखडी, खाली 'पुसू नये'. उरलेल्या जागेत सर वर्गसमीकरण मांडतात. बाकंही पहिलीचीच. गुडघे खाली मावत नाहीत, म्हणून पाय बाहेर आणि वही मांडीवर.

(खडूचा आवाज)

ही वाट जुनी आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली. पुढे मुंबईत गिरणीची पाळी संपवून कामगार वर्गात बसू लागले. उडुपी हॉटेलांतल्या पोऱ्यांसाठी कन्नड माध्यमाच्या रात्रशाळा निघाल्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगावचे भोंगे एकेक करून बंद पडले. आता मुलं येतात ती गॅरेजमधून, कुरिअरच्या गोदामातून, दुकानाच्या काउंटरवरून.

दहावीच्या या एका वर्गात मिसरूड फुटलेला पोरगा आहे आणि त्याच्या आईच्या वयाची बाईसुद्धा. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांपर्यंतच्यांसाठी. ते वय इथल्या सगळ्यांनी कामावर किंवा घरकामात घालवलं. परत यायचं तर आधी दाखला लागतो. गावची शाळा सोडताना तो कुणी मागितलेला नसतो. मग सुट्टी टाकून गावी जायचं, जुन्या रजिस्टरात नाव शोधायचं, स्पेलिंग आधारकार्डाशी जुळवायचं. ही घडी बघा, चार ठिकाणी विरलेली. प्लास्टिकच्या पिशवीतून हा दाखला वर्षभर हिंडला, तेव्हा कुठे प्रवेश झाला.

सतरा नंबरचा फॉर्म भरून घरबसल्याही दहावी देता येते. तरी ही माणसं रोज जिने चढतात, कारण अडलेलं गणित विचारायला समोर कुणीतरी लागतं.

आणि मग मे-जूनच्या आसपास निकाल लागतो, टक्क्यांत. इथून १२ जण परीक्षेला बसले आणि एकाचं गणित राहिलं, की शाळेचा निकाल ९१.६७ टक्के. तिघांचं राहिलं, की ७५. दोनशे मुलांच्या शाळेत एक जण नापास झाला तर अर्धा टक्काच जातो. प्रश्नपत्रिका तीच, ३५ गुणांची अटही तीच. त्या तिघांपैकी कुणाची पाळी मालकानं फेब्रुवारीत बदलली, कोण महिनाभर वर्गाला येऊच शकलं नाही, याला निकालपत्रात रकाना नाही. रात्रशाळेचा निकाल त्या रकान्यासकट वाचायला हवा, असं आम्हाला हे चित्रण करताना रोज वाटत राहिलं.

२०१७ मध्ये, दिवसा दुसऱ्या शाळेत नोकरी असलेल्या शिक्षकांना रात्रशाळेतून कमी करण्याचा निर्णय शासनानं घेतला. कित्येक वर्गांतले मुरलेले शिक्षक त्यात गेले. पास झालेल्यांतले कुणी आयटीआयला जातात, कुणी अकरावीला, कुणी आहे तिथेच राहतात.

हा मुलगा साडेसहाला फोन बंद करून पेटीत ठेवतो. ऑर्डरींची खरी गर्दी याच तीन तासांत असते.

(घंटा)

साडेनऊ. ताई फळा पुसताहेत, चौकट सोडून. दोघं बाकं सरळ करतात, सकाळी लहान मुलं यायची आहेत. पायरीवर बसून तो मुलगा फोन सुरू करतो. पहिली ऑर्डर आलीय.