जिवाणू आणि त्याची शिदोरी

(दृश्य: पहाट. खेड्यातलं घर. दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ.)

हे बाळ तीन दिवसांचं आहे. बारशापर्यंत त्याला फारसं कुणाच्या हातात द्यायचं नाही, असं आजीने बजावलंय. पण बाळाच्या पोटात पाहुण्यांची रीघ कधीच लागली आहे. जन्मताना आईच्या अंगातून, मग तिच्या त्वचेवरून, सुईणीच्या किंवा नर्सच्या हातांवरून, या दुपट्यावरूनसुद्धा जिवाणू येताहेत आणि जागा धरताहेत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसंच. आधी कोण बसतं, याला इथे फार महत्त्व आहे.

क्लेब्सिएला किंवा ई. कोलाय या जिवाणूंचा एखादा दांडगा प्रकार आधी बसला आणि वाढला, तर गाठ कठीण. तान्ह्याच्या आतड्याचं अस्तर अजून कच्चं असतं. त्यातून जंतू रक्तात उतरले की बाळ अंगावर प्यायचं सोडतं, रडणं क्षीण होतं, हातपाय गार पडतात. डॉक्टर त्याला सेप्सिस म्हणतात. मराठीत आपण म्हणतो, जंतुदोष.

(दृश्य: गडचिरोलीचं जंगल, पायवाट, खांद्यावर पिशवी घेतलेली बाई.)

जंतुदोषाशी महाराष्ट्राचं जुनं भांडण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुदोषाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई घरोघरी बाळं बघायला जातात, त्या वाटेची सुरुवात इथली आहे.

पण इंजेक्शन हा आजार झाल्यानंतरचा उपाय. जंतूंना जागाच मिळू दिली नाही तर?

(दृश्य: ओडिशा. भाताची खाचरं, गावातला रस्ता.)

हा प्रश्न डॉ. पिनाकी पाणिग्रही यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. तेव्हा अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात काम करणारे हे बालरोगतज्ज्ञ. त्यांना असा जिवाणू हवा होता, जो बाळाच्या आतड्यात नुसता येऊन जाणार नाही, ठाण मांडून बसेल. कितीतरी प्रकार तपासले, बाद केले. शेवटी निवड झाली लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारमच्या एका वाणाची. (२०२० मध्ये शास्त्रज्ञांनी या जिवाणूचं नाव आणखी लांबवलं. आपण जुन्यावरच भागवू.) मिठात आंबवलेल्या भाज्यांमध्ये याचे भाऊबंद सापडतात.

एकट्या जिवाणूला पाठवलं नाही. सोबत शिदोरी बांधून दिली, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरेची. ही साखर बाळाला पचत नाही. जिवाणूला पचते. कल्पना निसर्गाचीच आहे म्हणा. आईच्या दुधातही अशा साखरा असतात, एक लिटरमागे सुमारे ५ ते १५ ग्रॅम, आणि चिकात त्याहून जास्त. बाळाला त्यातलं जवळजवळ काहीच पचत नाही. दूध बनवताना आईचं शरीर बाळाबरोबर त्याच्या जिवाणूंचंही पान वाढतं!

(दृश्य: छोट्या चमच्याने बाळाला औषध पाजणारे हात.)

ओडिशातल्या १४९ गावांत ४,५५६ नवजात बाळं या चाचणीत होती. जन्माच्या वेळी निरोगी, वजन किमान दोन किलो. निम्म्यांना रोज सुमारे एक अब्ज जिवाणू आणि त्यांची शिदोरी, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी पूड. फक्त सात दिवस. मग साठ दिवसांचे होईपर्यंत बाळांवर लक्ष. कुणाला काय दिलंय, हे पाजणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

साध्या पुडीच्या गटात शंभरातल्या ९ बाळांना जंतुदोष झाला किंवा ती दगावली. जिवाणूच्या गटात हे प्रमाण ५.४ वर आलं. म्हणजे धोका ४० टक्क्यांनी कमी. फरक इतका उघड होता की ठरलेली संख्या गाठायच्या आधीच चाचणी थांबवली गेली. २०१७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने हे प्रसिद्ध केलं. मला यातली सर्वांत चकित करणारी गोष्ट वेगळीच वाटते. औषध गेलं पोटात, आणि छातीतले संसर्गही कमी झाले. आतडं हे रोगप्रतिकारशक्तीची तालीम आहे. तिथे घुमलेला गडी दुसऱ्या फडातही उतरतो, असं दिसतं.

जिवाणू करतो तरी काय? साखर आंबवून आम्ल तयार करतो, ते अनेक रोगजंतूंना मानवत नाही. आतड्याच्या भिंतीला चिकटून जागा अडवतो. अस्तर घट्ट राहायला मदत करतो.

(दृश्य: औषधाच्या दुकानातलं कपाट, रंगीत डबे.)

आता इथे थोडं थांबू. ‘प्रोबायोटिक’, म्हणजे उपकारक जिवाणू, असं लिहिलेला प्रत्येक डबा म्हणजे ओडिशातलं औषध नव्हे. एक वाण जे करतो, ते त्याचा सख्खा भाऊ करेलच असं नाही. दही चांगलंच, पण ते तान्ह्याला चाटवायचं नाही. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट तर निराळीच: अशा बाळांना रुग्णालयात प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला, कारण कच्च्या बाळाच्या रक्तात हा पाहुणाच शिरू शकतो. ओडिशातली बाळं वजनाने बरी होती, हे विसरून चालणार नाही.

(दृश्य: पुन्हा पहिलं घर. उन्हं वर आली आहेत. आशाताई दारात हात धुतेय.)

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईची पहिली फेरी तिसऱ्या दिवशी असते. ती वजन करते, नाळ बघते, अंग गरम आहे का ते बघते. कोनाड्यात मधाची बाटली दिसते, तशी ती आजीकडे वळते.

“आजी, मध नाही ना चाटवला? आणि पहिला चीक?”

“चीक पाजला की,” आजी म्हणते. “आमच्या वेळी पिळून टाकून द्यायचे.”